अर्ध्या सेकंदाचा हिशेब

गेल्या शनिवारी सकाळी एक साधंसं काम काढलं होतं. घरातल्या तीन हार्ड डिस्कवर मिळून पंधरा-वीस वर्षांचे फोटो पसरलेत, ते तारखेनुसार लावून टाकणारी एक छोटीशी स्क्रिप्ट लिहायची. फार तर दीड तास. (ऑफिसात कुणी विचारलं असतं तर मी तीन दिवस सांगितले असते, पण ते असो.)

डिजिटल कॅमेऱ्याने काढलेला प्रत्येक फोटो स्वतःची कुंडली पोटात घेऊन फिरत असतो. कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, शटर किती वेळ उघडं होतं, लेन्सचं भोक केवढं होतं, सगळं. या कुंडलीला एक्झिफ म्हणतात. जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने १९९५ साली तिचा साचा ठरवला. मला खरं तर फक्त तारीख हवी होती, पण चाळा म्हणून एका फोटोचे सगळे रकाने छापून पाहिले आणि तिथेच अडकलो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर शटर १/६० आणि अ‍ॅपर्चर ५.६ दिसत होतं. आत मात्र लिहिलेलं: शटर ५.९०६९, अ‍ॅपर्चर ४.९७०९.

आधी वाटलं, आपल्याच कोडमध्ये ढेकूण असणार. दोनदा तपासलं. नव्हता.

त्याच फोल्डरमध्ये एक स्कॅन केलेला जुना ग्रुप फोटो होता. स्क्रिप्टने त्याचेही रकाने छापले, म्हणजे छापायला काही नव्हतंच. शटर रिकामं, अ‍ॅपर्चर रिकामं, तारीख स्कॅन केलेल्या दिवसाची. हा फोटो आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आजोबांच्या चुलतभावाच्या मुंजीत, वाईच्या वाड्याच्या चौकात, मांडवाच्या सावलीत काढलेला, साल १९३६. तीन रांगा. मधे खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी, मागे उभ्या सुना, पुढे सतरंजीवर पोरंटोरं. पोरांमध्ये डावीकडून तिसरे आमचे आजोबा, नऊ वर्षांचे, टोपी घालून आणि बहुतेक श्वास रोखून. त्यांच्या शेजारी पांढुरका धूर बसलाय. परकराचा काठ तेवढा दिसतो. वर चेहऱ्याच्या जागी दोन-तीन चेहरे एकमेकांत कालवल्यासारखे. ती त्यांची धाकटी बहीण, चार वर्षांची. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ती विषमज्वराने गेली. तिचा दुसरा फोटो नाही.

आजोबा शेवटपर्यंत त्या फोटोग्राफरवर चिडून होते. "अडाणी लेकाचा. एवढं सगळं घर नीट आलं आणि नेमकी तीच तेवढी हलली कशी?" हे वाक्य आम्ही नातवंडांनी शंभरदा तरी ऐकलं असेल.

म्हटलं, आज या फोटोचेही रकाने भरून बघू. त्या दिवशी त्या माणसाने शटर किती वेळ उघडं ठेवलं असेल? भोक केवढं? पण त्यासाठी आधी ५.९०६९ चा उलगडा व्हायला हवा होता, आणि तो शोधता शोधता शनिवार तर गेलाच, रविवारही गेला.

ज्यांचा कॅमेरा कायम ऑटोवर असतो त्यांच्यासाठी थोडक्यात. (बाकीच्यांनी हा परिच्छेद उडवला तरी चालेल.) नळाखाली बादली लावलीय असं समजा. बादली काठोकाठ भरायची आहे, सांडता कामा नये. नळ पूर्ण उघडा तर पटकन भरते, करंगळीएवढी धार ठेवली तर वेळ लागतो. नळ किती उघडा ते अ‍ॅपर्चर, किती वेळ उघडा ते शटर स्पीड. बादलीचं आकारमान म्हणजे फिल्मची किंवा सेन्सरची संवेदनशीलता. पाण्याच्या बाबतीत कसंही भरा, बादली तीच. फोटोत मात्र भरण्याची पद्धत दिसून येते. जास्त वेळ उघडं ठेवलं तर त्या वेळात जे जे हललं ते फासलं जातं. भोक मोठं ठेवलं तर एका ठराविक अंतरावरचंच स्पष्ट येतं, त्याच्या पुढचं-मागचं मऊ होत जातं. दोन्ही हवं असेल तर भरपूर उजेड हवा, नाहीतर छोटी बादली.

सुरुवातीला बादल्या प्रचंड होत्या. फ्रान्समध्ये निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास खिडकीतून दिसणारी छपरं टिपली, त्याला कमीत कमी आठ तास लागले असं मानतात. सूर्य तेवढ्यात आकाश ओलांडून गेला, त्यामुळे त्या चित्रात समोरासमोरच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन आहे. पुढे दागेर आला. १८३८ साली त्याने पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचं चित्र घेतलं. रस्ता वाहता, गाड्याघोड्यांचा, पण चित्रात शुकशुकाट. काही मिनिटांच्या त्या अवधीत चालणारं कुणीच एका जागी पुरेसं थांबलं नाही. एक माणूस तेवढा उरलाय, कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेत एक पाय वर ठेवून उभा. फोटोत आलेला हा पहिला माणूस असं मानतात, आणि तो आला कारण त्याचे बूट मळले होते. पॉलिश करणाराही आहे, पण त्याचे हात चालू असल्याने तो पुसट आहे. पैसे देणारा स्पष्ट आणि काम करणारा धूसर!

चित्रं अशी तयार होत असतील तर माणसांचे फोटो काढायचे कसे? उपाय दोन. पहिला, माणसालाच खिळवून ठेवायचं. स्टुडिओत डोक्यामागे लोखंडी चिमट्याचा स्टँड असायचा, मान त्यात अडकवायची. जुन्या फोटोंतले लोक एवढे गंभीर का, याची कारणं बरीच सांगतात, पण इतका वेळ हसून दाखवणं मुळात अवघडच. दुसरा उपाय, नळ मोठा करायचा. इथे गोष्टीत आमच्या जातीचे लोक येतात, म्हणजे आकडेमोड करणारे.

तेव्हाच्या लेन्सचं भोक मोठं केलं की कडा बिघडायच्या, म्हणून ती एफ १५ च्या आसपास बारीक करून वापरावी लागे. एफ म्हणजे लेन्सच्या नाभीय अंतराला भोकाच्या व्यासाने भागून येणारा आकडा. ५० मिलिमीटरची लेन्स आणि २५ मिलिमीटरचं भोक म्हणजे एफ २. भागाकार असल्यामुळे आकडा मोठा तितकं भोक बारीक, आणि प्रत्येक नवशिका इथे एकदा तरी गोंधळतो. तर व्हिएन्नातला गणिताचा प्राध्यापक योझेफ पेट्झवाल याने १८४० साली लेन्स आधी कागदावर गणिताने मांडली. मोडीत एवढी होती की ऑस्ट्रियाच्या एका राजपुत्राने त्याला तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक मदतीला दिले. तोफगोळ्यांचे मार्ग काढणाऱ्या लोकांनी प्रकाशकिरणांचे मार्ग काढले. फोक्टलेंडर कंपनीने बनवलेली ही लेन्स एफ ३.६ च्या आसपास होती. १५ भागिले ३.६, त्याचा वर्ग: सतरा पटीहून जरा जास्त उजेड. मिनिटांची बैठक सेकंदांवर आली. कडा मात्र फार मऊ यायच्या. चेहरा स्पष्ट आणि भोवताल विरघळलेला, हे आज लोक पोर्ट्रेट मोडमध्ये मुद्दाम मागतात. :-)

मग १८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवरची ओली कलोडियन प्लेट आणली आणि बादलीच लहान झाली. आपल्याकडेही ही हवा लगेच पोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर. प्लेट ओली असतानाच फोटो काढून ती धुवायची, हे मुंबईच्या उकाड्यात कसं जमवत असतील कोण जाणे.

गंमत म्हणजे एवढं होईपर्यंत कॅमेऱ्याला शटर म्हणावं असं काही नसायचंच. लेन्सवरचं टोपण काढायचं, मनात आकडे मोजायचे, टोपण लावायचं. सेकंदांचं काम असेल तर हात पुरेसा आहे. भोकाचं नियंत्रणही तसंच हातचं. १८५८ मध्ये जॉन वॉटरहाउसने सुचवलेल्या पद्धतीत लेन्सच्या नळीला फट असायची आणि त्यात वेगवेगळ्या भोकांच्या धातूच्या पट्ट्या सरकवायच्या. हे फोटोग्राफर आकडे विचारत बसत नसत, 'मधली पट्टी आणि चार मोजायचे' एवढ्यावर काम भागत असे.

सेकंदाच्या बारीक तुकड्यांची गरज सगळ्यांना पटली ती घोड्यामुळे. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजने एका रांगेत बारा कॅमेरे मांडले. धावपट्टीवर आडवे धागे. घोडा धाग्याला लागला की विजेने त्या कॅमेऱ्याचं शटर सुटायचं. धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवर नसतात हे त्यातून दिसलं, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण मला जास्त आवडतो तो त्याचा उजेडाचा हिशेब. ओल्या प्लेटला एवढ्या कमी वेळात पुरेसा उजेड मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याने मागे पांढरा पडदा लावला, जमीनही पांढरी केली. घोड्याचे डोळे, आयाळ, कातडी काहीच येणार नव्हतं. आली ती नुसती काळी आकृती, पण त्याच्या प्रश्नाला तेवढी पुरेशी होती. काय सोडून द्यायचं हे त्याने आधीच ठरवलं होतं.

त्याच सुमाराला कोरड्या जिलेटिन प्लेट आल्या, त्या ओल्या प्लेटपेक्षा कितीतरी चपळ. आता हाताने टोपण काढून भागेना. शटरं आली, आणि त्यांच्याबरोबर आकडे आले, आणि आकड्यांबरोबर अर्थातच भांडणं. (दोन स्टँडर्ड होती म्हणून तिसरं काढलं, आता तीन आहेत, हा विनोद आपल्या धंद्यात नवा नाही.)

भोकाचंच घ्या. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणून उजेड दुप्पट करायला व्यास वर्गमूळ दोन, म्हणजे १.४१४ पट वाढवावा लागतो. त्यातूनच १, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ ही विचित्र माळ येते. एक पायरी म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. पण जुन्या जर्मन लेन्सवर ४.५, ६.३, ९, १२.५, १८ अशी माळ असायची. तीही तितकीच शास्त्रशुद्ध, फक्त सुरुवात वेगळी. इंग्लंडमध्ये १८८१ साली तिथल्या फोटोग्राफिक सोसायटीने तिसरीच पद्धत काढली. एफ ४ ला १ म्हणायचं, ५.६ ला २, ८ ला ४, ११ ला ८, १६ ला १६. आकडा दुप्पट तर वेळ दुप्पट, वर्गमूळ नाही, काही नाही. मला विचाराल तर शिकायला हीच सोपी होती. पुढे कोडॅकच्या कित्येक जुन्या घडीच्या कॅमेऱ्यांवर हेच आकडे होते. तसला कॅमेरा जुन्या बाजारात मिळाला आणि त्यावरच्या ८ ला तुम्ही एफ ८ समजलात तर फोटो काळा येणार. पण जिंकली एफचीच माळ.

शटरची गोष्ट त्याहून मजेशीर. म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेलच्या कारखान्याने १९१२ मध्ये कॉम्पुर नावाचं शटर काढलं. घड्याळासारख्या दातेरी चाकांनी वेळ मोजणारं, आणि पुढची कित्येक दशकं चांगल्या कॅमेऱ्यांत तेच. त्यावरचे आकडे: १, २, ५, १०, २५, ५०, १००, २५०. म्हणजे एक सेकंद, १/२, १/५, १/१०... ओळखीचे वाटतात ना? ही तर आपली नाण्यानोटांची माळ! दहाच्या हिशेबात विचार करणाऱ्या माणसाने सोयीने पाडलेले तुकडे. बाबांच्या जुन्या घडीच्या कॅमेऱ्यावर २५, ५०, १०० वाचून मी लहानपणी चक्रावलो होतो, कारण माझ्या पुस्तकात ३०, ६०, १२५ होते.

नाण्यांची माळ दिसायला छान, पण पायऱ्या सारख्या नाहीत. पाचावरून दहा दुप्पट, दहावरून पंचवीस अडीच पट. भोकाची माळ मात्र काटेकोर दुपटीची. १९५०च्या दशकात डेकेलच्या लोकांनी दोन्ही कड्या एकमेकींना अडकवायचं ठरवलं तेव्हा हे नडलं. कल्पना अशी की योग्य जोडी एकदा लावली की एक कडी फिरवली तर दुसरी आपोआप उलटी फिरावी, उजेड तेवढाच राहावा. त्यासाठी दोन्हीकडच्या पायऱ्या समान हव्यात. म्हणून शटरचीही दुपटीची माळ आली: १, २, ४, ८, मग १६ च्या जागी १५, ३२ ऐवजी ३०, ६४ ऐवजी ६०, १२८ ऐवजी १२५. माणसाला बरं वाटावं म्हणून आकडे घासून गोल केलेले. लायकाचा प्रसिद्ध एम ३ १९५४ मध्ये जुनी नाण्यांची माळ घेऊन बाजारात आला आणि १९५७ मध्ये त्याच कॅमेऱ्याच्या चकतीवर नवी माळ बसली. आजही बऱ्याच कॅमेऱ्यांत ३० सेकंद लिहिलेलं शटर प्रत्यक्षात ३२ सेकंद उघडं असतं. स्टॉपवॉच लावून बघा.

एकदा सगळंच दुपटीत आलं की गुणाकाराची कटकट कशाला, लॉगॅरिदम घ्या आणि बेरीज करा. १९६० साली अमेरिकेच्या मानक संस्थेने हेच केलं आणि त्याला अपेक्स नाव दिलं. भोकाला एक आकडा (एफ १ ला ०, १.४ ला १, २ ला २...), वेळेला एक (१ सेकंदाला ०, १/२ ला १, १/४ ला २...), समोरच्या उजेडाला एक, फिल्मला एक. पहिल्या दोघांची बेरीज दुसऱ्या दोघांच्या बेरजेइतकी. बस्स. कॅमेऱ्याच्या चकत्यांवर हे आकडे फारसे रुळले नाहीत, पण पस्तीस वर्षांनी जपानी इंजिनिअरांनी एक्झिफचा साचा आखताना तेच उचलले. ६० चा दोनच्या पायावरचा लॉग ५.९०६९. खरं शटर १/६४ असतं तर ६ आलं असतं. म्हणजे माझ्या कॅमेऱ्याने गोल केलेल्या आकड्याचं चार दशांश स्थळांपर्यंत अचूक उत्तर काढून ठेवलंय.

आता वाईचा चौक. मांडवाची उघडी सावली, उजेडाचा आकडा ७ धरू. भर उन्हात १० येतो. १९३६ ची काचेची प्लेट, आजच्या आयएसओ २५ च्या आसपास समजू, तिचा आकडा ३. बेरीज १०. हे दहा गुण भोक आणि वेळ यांच्यात वाटायचेत. फोटो स्कॅनरवर मोठा करून पाहिला. सतरंजीच्या काठापासून मागच्या सुनांच्या नथीपर्यंत सगळं स्पष्ट आहे. मोठ्या प्लेटचा कॅमेरा, त्याची लांब लेन्स, तीन रांगांची दीड-दोन मीटर खोली. एफ ८ ला साधारण मीटरभरच स्पष्ट आलं असतं, ते गणित मी दोनदा केलं. सगळं घर यायचं तर एफ २२ च्या आसपास जायलाच हवं. एफ २२ म्हणजे ९ गुण. उरला १. एक गुण म्हणजे अर्धा सेकंद.

अर्धा सेकंद. 'एक' म्हणायला लागतो तेवढा वेळ. त्यात मोठी माणसं थांबतात, नऊ वर्षांचा मुलगा श्वास रोखून थांबतो. चार वर्षांच्या मुलीने मान वळवून कुणाकडे तरी पाहिलं असेल.

एफ ८ ला तो थांबला असता तर ६ गुण भोकाला, ४ वेळेला, म्हणजे सेकंदाचा सोळावा भाग. तिचा चेहरा बहुतेक आला असता, थोडा हललेला पण ओळखू येईल असा. मुलांवर आणि खुर्च्यांवर नजर धरून मागची रांग सोडून द्यायची, एवढंच करायचं होतं. पैसे खुर्च्यांवरचेच लोक देणार होते. त्या माणसाने तसं केलं नाही. मागच्या रांगेत सात जणी उभ्या आहेत. आत्याला फोन करून विचारलं, तिने नावं घेत मोजलं. त्यांतल्या चौघींचा हा एकुलता एक फोटो आहे. त्या मुलीची आई त्या चौघींपैकी एक.

आजोबा असते तर त्यांना ही बेरीज दाखवली असती. त्यांना पटली असती असं वाटत नाही.

शटरच्या रकान्यात १ भरलं, अ‍ॅपर्चरच्या रकान्यात ९. तारीख भरायला गेलो तर आत्या फोनवर म्हणाली, "छत्तीस नाही रे, सदतीस. छत्तीसच्या वैशाखात विहिरीला पाणी नव्हतं म्हणून मुंज पुढे ढकलली होती. आई सांगायची." तसं असेल तर ती तेव्हा पाच वर्षांची होती. आत्याकडे त्या काळची एक खर्चाची वही आहे म्हणे, माळ्यावर. पुढच्या शनिवारी जाऊन बघणार आहे. तोवर तो रकाना रिकामाच ठेवलाय, आणि स्क्रिप्ट अजून झालेली नाही.